लाभाचं वजन

माझ्या मोठ्या बहिणीच्या खारोड्या यंदा खारट झाल्या आणि त्या माझ्यामुळे झाल्या. एवढं साधं वाक्य म्हणायला मला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी दुसरं बरंच काही म्हणत होतो. ते आठवलं की आजही शाळेत फळ्याकडे तोंड करून मी डोळे मिटून घेतो.

ज्यांच्याकडे खारोड्या होत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाजरी धुऊन, सुकवून जाडसर भरडून आणायची. मोठ्या गंजात पाणी उकळायचं, त्यात लसूण, लाल तिखट, जिरं, तीळ आणि मीठ टाकायचं आणि तो भरडा वैरून घट्ट शिजवायचा. गरम आहे तोवर गच्चीवर कापडावर त्याचे बोराएवढे गोळे घालायचे. दोन-तीन कडक उन्हं लागली की खारोडी तयार. नुसती शेंगदाण्यांबरोबर खाता येते, तळून खाता येते. गंजातलं ओलं मिश्रण वाटीत घेऊन वर कच्चं तेल टाकून खाणं, हे तर त्या दिवसाचं खरं जेवण. मी दरवर्षी होळीनंतरच्या एखाद्या रविवारी चिखलीहून दुसरबीडला बहिणीकडे जायचो ते खारोड्या करू लागायला नव्हे, ती वाटी खायला.

बहिणीला मी आक्का म्हणतो. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. गावातल्या बायकांचा बचत गट आहे, त्यात खारोड्यांचं सगळं तिच्या हातात. गेल्या वर्षी जालन्याच्या एका दुकानदारानं तिच्या खारोड्या चाखल्या आणि यंदा पाकिटं करून द्या म्हणाला. अट एकच: प्रत्येक पाकिटाची चव सारखी हवी. नेमकं याच वर्षी आक्काच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू पिकला होता, तारीख पुढे ढकलण्यासारखी नव्हती, आणि त्यानंतर महिना-दीड महिना धुराजवळ जायचं नाही, वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे खारोड्यांचा सगळा हंगाम ती गंजापासून लांब.

तिनं गंजापाशी उभं राहायला आपल्या धाकट्या जावेला निवडलं. गटातल्या काहींना ते पसंत नव्हतं, जाऊ अबोल आहे, पुढं पुढं करत नाही. पण आक्काचं म्हणणं, हिचा हात माझ्यासारखा आहे. आपण नसताना जावेच्या हातची खारोडी आपल्यासारखीच लागली पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं मला बोलावलं. "तू मास्तर आहे, बापू. माझं सगळं मापात आहे, ते किलोत लिहून दे. गटानं काटा घेतला आहे, त्याच्यावर तोलून करतील."

तेवढंच काम होतं. मापाचं वजन करायचं. मी आठवीला विज्ञान शिकवतो. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं आहे की हात आपोआप चालतो. किलोभर कापूस आणि किलोभर लोखंड यांत जड काय, हा प्रश्नही दरवर्षी विचारतो. यंदा एका मुलीनं विचारलं, "सर, कापूस भिजलेला का सुका?" वर्ग हसला, मीही हसलो. खरं तर तिचाच प्रश्न नीट होता. ज्यांच्या घरी कापूस तोलला जातो त्यांनाच तो सुचतो. मी मात्र तिला खाली बसवलं आणि पुस्तकातलं उत्तर सांगितलं.

जाण्याआधी मी मोबाइलवर शोधलं होतं. कपाचे ग्रॅम करायचे तक्ते ढिगानं सापडले. त्यांत मैदा होता, लोणी होतं, कोको पावडर होती, नावंही न वाचता येणारी फळं होती. बाजरीचा भरडा कुठंच नव्हता. आणि तो कप नेमका केवढा, यावरही त्या तक्त्यांचं एकमत नव्हतं. मी चिडून मोबाइल ठेवला आणि ठरवलं, आपण स्वतः मोजू.

त्या रविवारी माझा स्वयंपाकघरातला छोटा काटा आणि वही घेऊन मी आक्काच्या मागच्या खोलीत बसलो. तिनं समोर तिचं पितळी शेराचं माप ठेवलं. सासूच्या वेळचं, एका बाजूला पोचा आलेलं. शेर हा कागदोपत्री किती, याचा त्या मापाशी काही संबंध नव्हता. ते त्या घराचं शेर होतं. बरं, भरायचं तेही सपाट नाही, शीग लावून. वर डोंगर येईपर्यंत भरडा ओतायचा आणि तळहात नुसता फिरवायचा. पहिलं माप भरून तिनं सवयीनं, धान्य विकणारे एकच्या जागी म्हणतात तसं, "लाभ" म्हटलं. मी हसून म्हणालो, आक्का, विकायचं नाही आहे, फक्त तोलायचं आहे. आणि वहीत पुढे आकडा टाकला.

शीग दर वेळी वेगळी. पहिलं माप भरलं आठशे नव्वद ग्रॅम, दुसरं नऊशे चाळीस, तिसरं नऊशे पाच. मी तिला म्हणालो, एकसारखं भर. ती म्हणाली, एकसारखंच भरते. शेवटी मी पाच वेळा तोलून सरासरी काढली, नऊशे पंधरा. त्या सरासरीचा मला फार अभिमान वाटला, हे कबूल करतो. एका घाण्याला किती शेर भरडा, असं विचारलं. पाच शेर, ती म्हणाली. मी पाचनं गुणलं. चार किलो पाचशे पंच्याहत्तर. पाणी गंजाच्या कडीपर्यंत, ते मी लिटरच्या बाटलीनं ओतून मोजलं.

मग मीठ.

"मीठ किती?"

"लागते तेवढं."

"तेवढं म्हणजे किती, आक्का?"

"म्हणजे वाळल्यावर खारट नाही लागलं पाहिजे."

"ते आधी कसं कळणार?"

"आधी अळणी लागलं की कळते."

मी पेन खाली ठेवलं. लसणाचं विचारलं तर म्हणाली, सोलता सोलता बोटं चुरचुरायला लागली की बस. मी वहीत "लसूण" लिहून पुढे "बोटं" लिहिलं आणि खोडलं. अर्धा तास हेच चाललं होतं. तिखट रंगावर, जिरं वासावर, तीळ दिसतील तेवढे. माझा आवाज चढत गेला. वर्गात ढ मुलासमोर चढतो तसा. आणि ती अधिकाधिक जपून बोलायला लागली. माझ्याशी ती "मला, तुला" असं बोलते. सगळ्या जगाशी "मले, तुले" बोलते आणि माझ्याशी "मला". मी पुण्याला कॉलेजात शिकत होतो तेव्हा होस्टेलवरची मुलं माझ्या "मले"ला हसायची. सुट्टीत घरी आलो की त्याचा राग मी आक्कावर काढायचो, दर वाक्याला तिला दुरुस्त करायचो. मी कधीच विसरलो होतो. ती विसरली नाही.

अखेर तिनं मिठाची वाटी काढली. छोटी, जाड काठाची. "या वाटीनं एक, सपाट," म्हणाली. आणि तेवढ्यात माझ्या काट्याचे सेल संपले. गटाचा काटा गटातल्या एकीच्या घरी होता, दुकान लांब होतं, शेवटची बस चुकवायची नव्हती. मी म्हणालो, वाटी घेऊन जातो, घरी तोलतो. तिला ते आवडलं नाही, पण दिली. चिखलीला आल्यावर मी आमच्या ओट्यावरच्या बरणीतलं मीठ वाटीत भरलं, सपाट केलं, तोललं. दीडशे ग्रॅम. सुवाच्य अक्षरात कागद लिहिला, प्लास्टिकमध्ये घालून घेतला आणि वाटीसकट पाठवून दिला.

आक्काचं ऑपरेशन जालन्याला नीट झालं. पाच-सहा दिवसांनी बायकांनी पहिले तीन घाणे घातले. त्या सकाळी मी शाळेत परीक्षेचे पेपर मोजत होतो. जावेचा फोन आला. त्या घरातल्या मुलांचा मी मामा, म्हणून तीही मला मामाच म्हणते. फोन ती क्वचितच करते. घाबरून, भराभर बोलली.

"मामा, पातळ होऊन राह्यलं. भरडा कमी पडला वाटते. दुसऱ्या घाण्यातला शेरभर टाकू का?"

माझे पेपर मोजताना चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागणार होते. मी म्हणालो, "ताई, शेरबीर आता विसरा. किलोत लिहून दिलं आहे ना? कागदावर आहे तेच करा. पातळ वाटत असेल तर जास्त वेळ आटवा."

ती "हाव" म्हणाली आणि फोन ठेवला. हा फोन मी नंतर किती वेळा मनात ऐकला, सांगता येत नाही.

चौथ्या दिवशी आक्काचा फोन. डोळ्याला पट्टी, पडून होती. कुणीतरी वाळलेली खारोडी तिच्या तोंडात घातली होती. "बापू, खाऱ्या काऊन झाल्या रे? तोंडात धरवत नाही."

मी क्षणभरही थांबलो नाही. "कागद बरोबर आहे, आक्का. पाच-पाच वेळा तोलून लिहिलं आहे. त्यांना काट्याची सवय नाही, तोलताना चूक झाली असेल." नापास मुलाच्या आईशी मी ज्या समजुतीच्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात बोललो. वहीत एकदा डोकावून बघावं, जावेचा फोन आला होता हे तरी सांगावं, असं मला वाटलंच नाही. वाटलं असेल तर मी ते वाटू दिलं नाही.

आठवड्यानं दाजींशी, म्हणजे आक्काच्या यजमानांशी, फोनवर बोलत होतो. त्यांच्या मिरचीवर कसला रोग पडला होता ते सांगत होते. बोलता बोलता म्हणाले की धाकटी आता गंजापाशी उभी राहत नाही. बायका काही बोलल्या, घरातूनही बोलणं झालं, ती वर गच्चीवर गोळे घालायला जाते. उन्हात. मी म्हणालो, मिरचीवर फवारणी करून बघा.

इथं मला माझ्या बायकोचा उल्लेख करावाच लागेल, नाहीतर मी अजूनही तोलणाऱ्यांनाच दोष देत असतो. मी जेवताना तणतणत होतो की इतकं स्पष्ट लिहून दिलं तरी लोकांना साधं तोलता येत नाही. ती पोळी लाटत होती. तिनं विचारलं, "मीठ कुठं तोललंत?"

"इथंच. आपल्या ओट्यावर."

"कोणतं मीठ?"

"मीठ. बरणीतलं."

तिनं लाटणं थांबवलं. "आपल्या बरणीत बारीक मीठ असतं. आक्का जाडं मीठ वापरतात. लोणच्यासाठी दरवर्षी मी त्यांच्याकडूनच आणते, ते काय शोभेला?"

मी जेवण सोडून उठलो, कोपऱ्यावरच्या दुकानातून जाडं मीठ आणलं. वाटी परत गेली होती, म्हणून आमची एक तेवढ्याच आकाराची शोधली. बारीक मीठ तोललं, दीडशे. जाडं मीठ तोललं, एकशे वीस. खड्यांच्या मध्ये हवा राहते. आठवीतला मुलगा सांगेल. हे मी शिकवतो. माझं डोकं इतकं तापलं की मी दोन्ही मिठं एकमेकांत मिसळून टाकली, आणि मग त्यावरून बायकोची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आता खरं सांगायची वेळ होती. मी काय केलं? दुसरा कागद लिहिला. त्यात मिठाचा आकडा बदलला आणि वर लिहिलं, "सुधारित." फोनवर आक्काला म्हणालो की तुमच्या बायकांच्या सोयीसाठी मी मिठाचं प्रमाण जरा कमी करून दिलं आहे. सोयीसाठी. जावेबद्दल मी एक शब्द काढला नाही. खारट खारोड्यांचा मोठा डबा मात्र आठवणीनं मागवून घेतला, वाया नको जायला म्हणून. आमच्याकडे रोज भाजीत त्या चार-चार टाकायच्या आणि वरून मीठ घालायचं नाही, असं ठरलं. चार टाकल्या की अळणी, पाच टाकल्या की खारट. बायको दररोज विचारायची, आज किती ग्रॅम टाकू. तिला विचारायचा हक्क होता.

सुधारित कागदानं एक घाणा झाला. खारट म्हणता येईना, पण जिभेला लागत होता. शिवाय पातळ. गोळे बसले, पापडीसारखे चपटे झाले, वाळल्यावर हातात घेताच मोडायला लागले. दुकानदाराला पाठवायचा नमुना थांबला. आक्कानं निरोप दिला, सगळं बंद ठेवा. मला म्हणाली, रविवारी ये, काटा घेऊन ये.

गेलो. सकाळी आठच्या सुमारास परसात चूल पेटली होती, गंजात पाणी चढलं होतं, सात-आठ बायका लसूण सोलत बसल्या होत्या. जाऊ लांब, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून तीळ निवडत होती. माझ्याकडे बघून तिनं पदर सारखा केला आणि पुन्हा खाली बघितलं. आक्का धुरापासून दूर, मागच्या खोलीच्या उंबऱ्याआत, ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावून बसली होती. समोर भरड्याची गोणी, रिकामं घमेलं आणि शेराचं माप.

"मी भरते," ती म्हणाली, "तू तोल आणि लिही. मधी बोलू नको."

तिनं माप भरलं. चष्म्यातून तिला फारसं दिसत नसावं. शिगेवरून तळहात फिरवला, जणू तिथं कुणाचं डोकं आहे. "लाभ," म्हणाली आणि घमेल्यात ओतलं. मी तोललं, नऊशे वीस. वहीत एक लिहिला.

तिनं दुसरं माप भरलं, तळहात फिरवला आणि म्हणाली, "एक."

मी लिहिता लिहिता थांबलो. वाटलं, तिची चूक झाली. बोलू नको म्हणाली होती तरी बोललोच. "आक्का, दोन. लाभ म्हणजेच एक."

"लाभ एक कसा होईल?"

"आपल्या अमडापूरला बाबा असंच मोजायचे ना. लाभ, दोन, तीन."

"बाबा विकाचं मोजत होते. विकताना लाभ धरावाच लागते. हे खायाचं आहे." ती तशीच माप हातात धरून बोलत होती. "इथं सासूनं शिकवलं मले. पहिलं माप लाभाचं. गंजापाशी जो येईल त्याचं. लेकरं येतात, शेजारपाजारचे येतात, वाटीत घेऊन खातात. त्याले मोजत नसतेत."

"पण मी विचारलं तेव्हा तू पाच शेर म्हणालीस."

"पाचच शेर. तू किती शेर इचारलं, म्या शेर सांगितले. लाभ तू इचारला कुठं? उलटा हसला." मग थोडं थांबून म्हणाली, "दरसाल वाटी घेऊन कोण बसते गंजापाशी? तुलेच तर लागते तो."

बायकांतली एक खुसखुसली. दुसरी म्हणाली, आमच्या घरी पण लाभ येगळाच, पण कागदावर नव्हता म्हणून आम्ही टाकला नाही, मास्तरांनी विचार करूनच लिहिलं असंल. काट्यावर किलो दिसतात, तिथं लाभ कुठं म्हणायचा, असंही कुणी म्हणालं. मी वहीतल्या त्या आकड्याकडे बघत होतो. तीस वर्षं मी या घरात खारोड्यांच्या दिवशी येतो आहे. पण नेहमी भरडा गंजात पडल्यावर. मापायच्या वेळी मी कधी आलोच नव्हतो.

आणि मग ते मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते कुठं गेलं नव्हतंच. शेरभर टाकू का, असं विचारलं होतं तिनं. बरोबर शेरभर. तिचा हात तिला सांगत होता.

मी उठून परसात गेलो. तिथूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आक्का, ताईंनी मला त्या दिवशी फोन केला होता. भरडा कमी आहे, शेरभर टाकू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणालो. आणि मीठसुद्धा मीच चुकवलं. तू जाडं मीठ मोजतेस, मी बारीक मीठ तोललं. तोलण्यात यांची काहीच चूक नव्हती. हे मला महिनाभर माहीत आहे. मिठाचं तरी नक्की माहीत आहे."

गंजातल्या पाण्याला उकळी फुटत होती. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उन्हात उभं राहून मला नुसता घाम आला.

आक्का माझ्याशी बोललीच नाही. काळा चष्मा जिन्याच्या दिशेनं वळवून तिनं जावेला विचारलं, "तू सांगितलं काऊन नाही मले? फोन केल्ता म्हणून?"

जाऊ तीळ निवडतच म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणल्या असत्या, मास्तर चुकत असतेत काय."

आक्कानं मापाच्या काठावरचा भरडा बोटानं झटकला. मग म्हणाली, "हाव. म्हणली असती." आणि थोड्या वेळानं, "ये. पाणी उकळलं. म्या काही येऊ शकत नाही तिथं."

जाऊ उठली. हात धुतले, पदर खोचला, गंजापाशी येण्याआधी माझ्यासमोर थांबली. आता ही काहीतरी बोलेल, असं वाटून मी तयार झालो. ती म्हणाली, "कागद नवा करून द्या, मामा. जालन्याला पाकिटं द्यायची तर काटा लागणारच आहे. बाई किती दिवस माप भरून देतील?" आक्काला ती बाई म्हणते.

मी वही उघडली. सहा गुणिले नऊशे पंधरा. पाच किलो चारशे नव्वद. तसं लिहिलं आणि तिला दाखवलं. तिनं मान हलवली. "असं नाही. लाभ येगळा लिहा."

मला पुन्हा चीड आली, खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, ताई, गंजात पडतो तो एकूण भरडा. वेगळा लिहिला काय, एकत्र लिहिला काय, बेरीज तीच. काट्याला लाभ कळत नाही.

"कळते," ती म्हणाली.

तिनं गटाचा मोठा काटा खोलीतून आणून ओट्यावर ठेवला, त्यावर रिकामं घमेलं ठेवलं. शून्याचं बटण दाबलं. भांड्याचं वजन धरायचं नसतं म्हणून ते बटण असतं, हे त्या पहिल्या रविवारी माझ्या छोट्या काट्यावर मीच घरातल्या सगळ्यांना शिकवलं होतं. मग तिनं ओंजळीनं भरडा घातला. काट्यावर नऊशे पंधरा आले, तरी तिनं आणखी एक मूठ वर टाकली. नऊशे अठ्ठेचाळीस. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती "लाभ" म्हणाली आणि पुन्हा शून्याचं बटण दाबलं. काट्यावर शून्य आलं. घमेल्यात भरडा होता आणि काट्यावर शून्य.

"आता सांगा," ती म्हणाली, "किती?"

"चार किलो पाचशे पंच्याहत्तर," मी म्हणालो.

कागद मी तसाच लिहिला. पहिल्या ओळीत नुसतं "लाभ", दुसऱ्या ओळीत "शून्याचं बटण दाबा", मग भरडा, मग "जाडं मीठ", जाडं या शब्दाखाली दोन रेघा. लसणापुढे किती लिहायचं ते विचारलं तर सगळ्या बायकांनी एकदमच बोटं दाखवली. मी वजन लिहिलं, पण कंसात बोटंही लिहिली.

भरडा वैरून झाला. जाऊ दोन्ही हातांनी लाकडी पळा फिरवत होती आणि मिश्रण या वेळी पळ्याला धरून वर येत होतं. शिजल्यावर तिनं वाट्या भरल्या. पहिली उंबऱ्याआत आक्काला पाठवली, मग बायकांना, मग दारात जमलेल्या लेकरांना. मी लसणाच्या सालांचा केर भरत होतो. मला बोलावतील असं मी धरलं नव्हतं. शेवटी एक वाटी माझ्यासमोर आली, वर तेलाची धार. ती देऊन जाऊ तिथंच उभी राहिली.

"मीठ सांगा," म्हणाली.

मी खाल्लं. गरम होतं, जीभ भाजली. पुन्हा एक घास घेतला, नीट चावला. ती बघत होती, उंबऱ्याआतून काळा चष्माही माझ्याकडे वळला होता. चांगलं झालं आहे असं म्हणायचा मोह झाला, पण मी जिभेला लागलं तेच सांगितलं.

"अळणी आहे," मी म्हणालो.

"मग बराबर आहे," जाऊ म्हणाली, आणि पातेलं भरून गच्चीकडे निघाली.